शिरूर भागात मका कापून खड्डा भरून देणारी सर्व्हिस – मशीन एक नंबर, दाबाईला मात्र स्वतः उभं राहा

घरी १५ गाया आहेत. मागच्या वर्षी दुसऱ्या एकाकडनं मुरघास (हिरव्या मक्याची बारीक कुट्टी खड्ड्यात दाबून, हवा लागू न देता मुरवलेला चारा) करून घेतला होता, त्यानं दोन-दोन फुटाचा ढीग खड्ड्यात ओतून वरनं नुसता ट्रॅक्टर फिरवला आणि गेला. उघडला तर कडेचा हातभर माल काळा, बुरशीनं भरलेला. सगळा उकिरड्यावर टाकला, कारण बुरशीचं विष गायीच्या पोटातनं दुधात उतरतं. फार जीव तुटला तेव्हा.

यंदा मोशीच्या किसान प्रदर्शनात ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारं, एका वेळी एक ओळ कापणारं मशीन बघून आलो आणि तसलंच मशीन असलेले शेजारच्या गावचे दोघं भाऊ फेब्रुवारीत बोलावले. २ एकर मका, दाणा चिकातनं घट्ट व्हायला लागलेला. कुट्टी मुठीत दाबून बघितली, पाणी गळलं नाही, मूठ सोडली की गोळा हळूहळू सुटला, म्हणजे वेळ बरोबर. कुट्टी अर्ध्या-पाऊण इंचाची, दाणे फुटलेले, एकदम झकास. दुपारनंतर मात्र लांब-लांब चिंध्या यायला लागल्या, पात्यांची धार गेलेली. मी सांगितल्यावर लगेच थांबवून धार लावली, पण ते त्यांनीच बघायला पाहिजे होतं, लांब तुकडा दबत नाही आणि मधी हवा राहते.

आता खरा मुद्दा. ही लोकं पैसे एकरावर घेतात, त्यामुळं कापायची घाई असते. पण खड्ड्यात तासाला जितके टन माल येतो त्या प्रत्येक टनामागं दाबणाऱ्या ट्रॅक्टरचं वजन ४०० किलो तरी पाहिजे, म्हणजे २ टनाचा ट्रॅक्टर तासाला ५ टनच नीट दाबणार. यांचं मशीन त्याच्यापेक्षा जास्त ओढत होतं. मी दोन ट्रॉल्या बाहेरच थांबवल्या, थोरला भाऊ जरा कुरकुरला पण नंतर त्यालाही पटलं. थर सहा इंचाच्या वर जाऊ दिला नाही. धाकटा भाऊ ट्रॅक्टर अगदी भिंतीला चाक घासेल इतका कडेनं घ्यायचा आणि खड्ड्यात उतरायच्या आधी न सांगता चाकाचा चिखल धुवायचा, त्या पोराचं मनापासून कौतुक, माती गेली की मुरघासाला घाण वास मारतो.

खड्डा मी मुद्दाम अरुंद केलाय, ४० फूट लांब, ८ रुंद, ५ उंच. रोज २७० किलोच्या आसपास लागतो, रुंद खड्डा असला तर उघडं तोंड दिवस-दिवस तसंच राहतं आणि गरम होतं. भरून झाल्या झाल्या त्याच संध्याकाळी कागद टाकला, वर जुने टायर एकाला एक चिकटून, कडेला मातीच्या गोण्या. कागद त्यांनी आणलेला पातळ होता, मी परत पाठवला आणि जाड काळा-पांढरा स्वतः आणला, पांढरी बाजू वर.

४५ दिवस पूर्ण करून एप्रिलमधी उघडला. पिवळसर हिरवा, आंबट-गोड वास, मुरघासाच्या उघड्या तोंडात बोटं खुपसायला गेलो तर दोन पेरांच्या वर जाईनात, इतका घट्ट दबलेला. खराब निघाला तो वरचा चार बोटं, तेवढाच. गव्हाणीत टाकला की गाया मान वर करत नाहीत.

पुढच्या मक्याला ह्यांनाच बोलावणार, फक्त टनावर दर ठरवून.