हाडात विरघळणारा धातू: मॅग्नेशियम घ्यावं की जस्त?

मोडलेलं हाड जुळेपर्यंत धरून ठेवायचं आणि मग शरीरातच विरघळून जायचं, अशा स्क्रू-प्लेटसाठीचा हा धातू. एम.टेक.च्या प्रोजेक्टला हा विषय घेतलात, तर पहिला पेच हाच पडतो. लोखंडाच्या नादी लागू नका; ते शरीरात इतकं सावकाश गंजतं, की डिग्री हातात येईल आणि नमुना होता तसाच राहील.

कागदावर मॅग्नेशियम सरस, हे मान्य. लवचीकतेचा गुणांक (धातू किती ताठ, त्याचं माप) 45 गिगापास्कलच्या आसपास, म्हणजे टायटॅनियमपेक्षा हाडाच्या कितीतरी जवळ. जर्मनीत त्याच्या मिश्रधातूच्या स्क्रूला 2013 मध्येच मान्यता मिळाली. मीही त्यावरच भाळलो होतो.

घोडं पेंड खातं ते हायड्रोजनपाशी; शरीरातल्या द्रवात मॅग्नेशियम विरघळताना हा वायू सुटतो. 1907च्या सुमारास बेल्जियमच्या लाम्बोट यांनी एका मुलाच्या मोडलेल्या पायात मॅग्नेशियमची प्लेट पोलादी खिळ्यांनी बसवली. 8 दिवसांत प्लेट खलास आणि कातडीखाली वायू. मी आपला हा वायू मोजायला बीकरमध्ये शरीरातल्या द्रवासारखं द्रावण, त्यात नमुना, त्यावर फनेल, वर उलटी ब्युरेट (खुणा असलेली काचनळी) लावून बसलेलो. मिलीलिटरभर वायू म्हणजे साधारण मिलिग्रॅमभर धातू गेला, असा हिशोब. पण सोलापूरचा मे महिना! आमचा वॉटर बाथ तापवतो, गार करत नाही. दुपारी खोलीच चाळिशीपार गेल्यावर शरीराच्या 37 अंशांवर काटा लावून काय उपयोग? सकाळचं रीडिंग एक, दुपारचं भलतंच. त्यात बुडबुडा फनेलच्या काठाला चिकटला, की काचेवर टिचक्या मारत बसायचं. दोन उन्हाळे यात गेले.

मग जस्त. ते 420 अंशांच्या आसपास वितळतं, मॅग्नेशियमसारखं पेट घेत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीवाल्यानं आमचा चहा होईपर्यंत ओतून दिलं. महिनाभर त्याच द्रावणात ठेवायचं, साफ करून तोलायचं. घट अगदी थोडी, त्यामुळे चार दशांशांचा तराजू मात्र हवा.

खोडीही सांगतो. शुद्ध ओतीव जस्त मऊ, हाडाला आधार देण्याच्या लायकीचं नाही. टक्क्याच्या आत मॅग्नेशियम मिसळून एक्स्ट्रूजन केलं (साच्याच्या भोकातून दाबून काढलं), की ताकद कैक पटींनी वाढते (म्हणजे मॅग्नेशियम मागच्या दारानं येतंच!). पेशींच्या चाचणीत जस्ताचे आयन जास्त झाले तर पेशी मरतात. धातू भिजवून काढलेला अर्क पातळ करावा लागतो आणि परीक्षक नेमकं तिथंच बोट ठेवतात.

एसी लॅब, वितळताना पेट घेऊ नये म्हणून आर्गॉन वायूची सोय आणि कोटिंगवर हात बसलेला गाईड असेल, तर मॅग्नेशियमच घ्या, माझं काही म्हणणं नाही. फ्लोराइडचा थर दिला की बुडबुडे बरेच आवरतात. पण बाथ आमच्यासारखा आणि सबमिशन जूनमध्ये असेल, तर मी तरी आधी जस्ताची लगड आणून ठेवीन.