मे ते जुलै २०२६: कुठला पिक्चर थिएटरात, कुठला घरी

जे सगळेच पिक्चर बघणारेत त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. हे ज्यांना दोन, फार तर तीनच पिक्चर थिएटरला जाऊन बघायला जमणारेत आणि यादी बघून गोंधळ उडालाय त्यांच्यासाठी. कारण हॉलिवूडचा यंदाचा समर भलताच गच्च आहे, बघा ना, १ मेला डेव्हिल वेअर्स प्राडा २, २२ मेला मँडलोरियन अँड ग्रोगू, ५ जूनला मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स, १२ जूनला स्पीलबर्गचा डिस्क्लोजर डे, १९ ला टॉय स्टोरी ५, २६ ला सुपरगर्ल, १ जुलैला मिनियन्स ३, १० ला मोआना, १७ ला नोलनचा ओडिसी आणि ३१ जुलैला स्पायडरमॅन: ब्रँड न्यू डे. तारखा अमेरिकेतल्या आहेत, इतर देशांत दोनेक दिवस मागेपुढे होतात.

ह्या दहात कशाचातरी पुढचा भाग, रीमेक, सिरीयलचा पिक्चर किंवा कॉमिकवरून नाहीतर खेळण्यावरून काढलेला पिक्चर नाही असे फक्त दोनच आहेत, डिस्क्लोजर डे आणि ओडिसी. आणि त्यातलाही ओडिसी होमरच्या अडीच हजार वर्षांहून जुन्या ग्रीक महाकाव्यावर! म्हणजे स्टुडिओवाल्यांची नव्या गोष्टीवर पैसे लावायची हिंमत किती उरलीय ते कळतंय.

मी ठरवताना ट्रेलर भारी आहे का, हिरो कोण, ह्यावर जात नाही, ट्रेलर तर सगळेच भारी कापतात. मी एकच विचारते, की हाच पिक्चर काही महिन्यांनी घरी टीव्हीवर बघितला तर माझं काय जाईल? काहीच जात नसेल तर खुशाल थांबायचं. खूप काही जात असेल तर पहिल्या आठवड्यातच तिकीट काढायचं.

ह्या कसोटीवर सगळ्यात सरळ उत्तर ओडिसीचं येतं. पूर्ण पिक्चर आयमॅक्स फिल्म कॅमेऱ्यावर (म्हणजे भल्यामोठ्या पडद्यासाठी नेहमीपेक्षा कितीतरी मोठी फिल्म वापरणाऱ्या कॅमेऱ्यावर) शूट केलेली ही पहिलीच फीचर फिल्म. नोलन २००८ च्या डार्क नाइटपासून आयमॅक्स वापरतोय, पण आजवर काही प्रसंग आयमॅक्सवर आणि उरलेला भाग दुसऱ्या कॅमेऱ्यावर असंच चालायचं, कारण हा कॅमेरा इतका घरघर करतो की समोर दोन माणसं हळू आवाजात बोलत असतील तर संवाद रेकॉर्डच होत नाहीत नीट. शिवाय तो प्रचंड जड, आणि हजार फुटांचं मॅगझिन (फिल्मचा डबा) टाकलं तर जेमतेम तीन मिनिटांत संपतं. ह्या वेळी आवाज दाबायची नवी सोय करून घेतली म्हणून सगळा पिक्चर तसा करता आला. वीस लाख फुटांपेक्षा जास्त फिल्म वापरली असं त्यानंच सांगितलंय. शूटिंग मोरोक्को, ग्रीस, इटली, स्कॉटलंड, आइसलंड अशा खऱ्या ठिकाणी, नटमंडळी खऱ्या समुद्रात बोटीवर.

आता ह्याचा प्रेक्षकाला उपयोग काय? तर आयमॅक्स फिल्मची फ्रेम १.४३:१ असते, म्हणजे जवळजवळ चौकोनी आणि उंच, डोळ्यांच्या वरखाली सगळीकडे चित्र. डिजिटल आयमॅक्सच्या बहुतेक पडद्यांवर ती १.९०:१ होते, वरखालचं थोडं जातं. साध्या थिएटरात आणखी जातं. सत्तर एमएम आयमॅक्स प्रोजेक्टर असलेली थिएटरं जगभरात अगदी मोजकी आहेत आणि तिथली काही तिकिटं तर वर्षभर आधी, जुलै २०२५ मध्येच विक्रीला काढली होती. तिथं जाणं शक्य नसेल तर डिजिटल आयमॅक्स, तेही नसेल तर तुमच्या आवाक्यातला सगळ्यात मोठा पडदा. पण टीव्हीवर नको, प्लीज.

खटकतं काय तेही सांगते. नोलनच्या पिक्चरमध्ये संवाद ऐकू येत नाहीत ही तक्रार जुनी आहे आणि ती खोटी नाही, टेनेटमध्ये निम्मं बोलणं पार्श्वसंगीतात बुडालं होतं. आणि कलाकारांची गर्दी एवढी आहे (मॅट डेमन, टॉम हॉलंड, अॅन हॅथवे, झेंडाया, रॉबर्ट पॅटिन्सन, शार्लीझ थेरॉन, लुपिता न्योंगो...) की नायक ओडिसिअसच्या दहा वर्षांच्या परतीच्या वाटेवर दर वळणाला एक ओळखीचा चेहरा भेटणार, आणि असं झालं की पात्राच्या जागी नटच दिसायला लागतो. तरी जाणारच.

दोनच आठवड्यांनी स्पायडरमॅन. गंमत म्हणजे टॉम हॉलंड, झेंडाया आणि जॉन बर्नथल, तिघंही दोन्हीकडे आहेत, त्यामुळे आवडत्या नटासाठी जातोय म्हणणाऱ्यांची चांगलीच पंचाईत. एकच बघायचा तर कुठला, ह्यावर ओळखीपाळखीच्यांत सध्या जोरदार भांडणं चाललीयेत.

स्पायडरमॅनच्या बाजूनं बोलायचं तर नो वे होम (२०२१) जिथं संपला ती जागा खरंच भारी होती. पीटर पार्कर कोण हे अख्खं जग विसरलंय, मैत्रीण विसरलीय, जिवलग मित्र विसरलाय, काकू गेलीय, पोरगा एकटा खोली घेऊन राहतोय आणि स्वतःच सूट शिवतोय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ह्या पीटरकडे आयर्न मॅनचे पैसे, टेक्नॉलॉजी, कुणाचा आधार, काही नाही. म्हणजे गोष्ट सांगायला मोकळं मैदान. आधीचे तिन्ही पिक्चर जॉन वॉट्सनं केले होते, ह्या वेळी डेस्टिन डॅनियल क्रेटन आहे, शांग-ची वाला, आणि ग्लासगोच्या रस्त्यांवर उघड्यावर शूटिंग केलंय, त्यामुळे मागच्या वेळी सगळं हिरव्या पडद्यासमोर उभं राहून केल्यासारखं वाटत होतं ते तरी कमी होईल.

पण मग त्यात हल्क आणला, पनिशर आणला. एकट्या पोराची गोष्ट म्हणायचं आणि पाहुणे बोलवत सुटायचं ही मार्वलची जुनी खोड. आणि डिसेंबरात अॅव्हेंजर्स: डूम्सडे येतोय, म्हणजे त्याची सोय लावायला शेवटची वीस मिनिटं जातील की काय अशी धास्ती वाटतेच.

तरीही स्पायडरमॅन पहिल्याच दिवशी बघावा असं एक कारण आहे आणि त्याचा पडद्याच्या आकाराशी काही संबंध नाही. असे पिक्चर गर्दीत बघायचे असतात, शिट्ट्या, आरडाओरडा, कुणीतरी अचानक पडद्यावर आल्यावर उठणारा कल्ला. आणि तीन दिवसांत सगळी सरप्राइजेस मोबाईलवर फुटतात. ओडिसीचं तसं नाही, त्यात शेवटी काय होतं हे होमरनं कधीच सांगून ठेवलंय! म्हणून माझा हिशोब असा, की ओडिसी एक-दोन आठवडे उशिरा चालेल पण मोठ्याच पडद्यावर, स्पायडरमॅन कुठल्याही पडद्यावर चालेल पण लगेच. आणि दोन्हीतला एकच म्हणाल तर ओडिसी.

डिस्क्लोजर डेबद्दल लोक फारसं बोलत नाहीयेत ह्याचं मला नवल वाटतं. समर ब्लॉकबस्टर हा प्रकारच ज्या पिक्चरनं रुळवला तो जॉज, जून १९७५, स्पीलबर्गचा. तोच माणूस पन्नास वर्षांनी पुन्हा जूनमध्ये येतोय, पुन्हा परग्रहवासीयांकडे वळून, लेखक डेव्हिड केप म्हणजे जुरासिक पार्कवाला, आणि संगीत जॉन विल्यम्सचं. एमिली ब्लंट टीव्हीवर हवामान सांगणारी बाई आहे आणि बोलता बोलता थेट प्रक्षेपणातच तिच्या तोंडून भलतेच आवाज यायला लागतात, एवढ्यानंच माझं काम झालं. जॉश ओ'कॉनर, कॉलिन फर्थ, कोलमन डोमिंगो पण आहेत. गोष्ट अजून बरीचशी गुलदस्त्यात ठेवलीय, आणि मला तेच हवंय, आत जाऊन बसावं आणि पुढं काय होणार ते ठाऊक नसावं, हे सुख ह्या यादीत दुसरा कुठला पिक्चर देत नाही. धोका एवढाच की स्पीलबर्गला शेवट गोड करायची सवय आहे, २००५ चा वॉर ऑफ द वर्ल्ड्स आठवा (तोही केपनंच लिहिला होता, जोडीला आणखी एक लेखक), पाऊण पिक्चर जीव मुठीत धरून बघितला आणि शेवटाला सगळी हवा गेली.

ह्याच्यासमोर सुपरगर्ल ठेवला तर? दोन आठवड्यांचं अंतर, साधारण तोच प्रेक्षक. मिली अल्कॉक मागच्या सुपरमॅनच्या शेवटी झिंगलेल्या अवस्थेत कुत्रा न्यायला आली होती ती दोन मिनिटं मला बऱ्याच पिक्चरांपेक्षा जास्त आवडली. मूळ कॉमिकही चांगलं आहे, बापाच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेल्या पोरीबरोबर सुपरगर्ल ग्रहाग्रहांवर भटकते, जवळजवळ वेस्टर्नच. दिग्दर्शक क्रेग गिलेस्पी, ‘आय, टोन्या’ वाला, म्हणजे बिघडलेल्या बायका त्याला चांगल्या जमतात. पण लोबो ह्या पात्रासाठी जेसन मोमोआ घातलाय आणि तो जिथं असतो तिथं बाकीचे कोपऱ्यात जातात. इथं घाई नको, पहिल्या शनिवार-रविवारी लोक काय म्हणतात ते बघा आणि मग ठरवा.

लहान मुलं बरोबर असतील तर सगळं गणितच वेगळं, कारण मग तीन आहेत, टॉय स्टोरी ५, मिनियन्स ३, मोआना. मोआनाला माझा सरळ नकार. मूळ अॅनिमेशन २०१६ चं, दुसरा भाग २०२४ च्या नोव्हेंबरात येऊन गेला, आणि लगेच त्याच गोष्टीची खरी माणसं घेऊन आवृत्ती, माउईच्या भूमिकेत परत ड्वेन जॉन्सनच. शिळ्या कढीला ऊत म्हणतात तो हाच. कॅथरीन लागाआया ही नवी मुलगी छान असेलही, दिग्दर्शक थॉमस केलनं रंगभूमीवर हॅमिल्टन केलंय त्यामुळे गाणी नीट बसवेल, पण मूळ पिक्चरमध्ये समुद्र स्वतः एक पात्र होता आणि ते अॅनिमेशनमध्येच शोभतं. घरी मूळचाच लावा परत.

टॉय स्टोरी ५ चं ऐकून आधी वैताग आला होता, तिसऱ्यालाच (२०१०) अँडीनं खेळणी देऊन टाकली तिथं गोष्ट संपलेली, चौथा म्हणजे वाढीव काम. पण ह्या वेळचा विषय नेमका आहे, खेळण्यांची आताची मालकीण बॉनी, तिच्या हातात बेडकाच्या आकाराचा टॅब्लेट येतो आणि खेळण्यांकडे बघायला कुणी उरत नाही. घरोघरी रोज दिसतंय हे. वर दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन, निमो आणि वॉल-ई करणारा, जो १९९५ च्या पहिल्या भागापासून लेखनात आहे. फक्त टॅब्लेटला व्हिलन करून मुलांना उपदेश पाजायला लागले तर मुलंच कंटाळतील. मिनियन्स ३ चं काय सांगू, मुलं खिदळतील, तुम्ही डुलकी काढाल, दोघं खूश. तिघांतला एक म्हणजे टॉय स्टोरीच.

प्राडा २ साठी मेरिल स्ट्रीप, हॅथवे, ब्लंट, टुची चौघं वीस वर्षांनी परत आलेत, दिग्दर्शकही तोच. मैत्रिणींचा गट जमणार असेल तर जा, एकटीनं बघायचा असेल तर घरी सोफ्यावर जास्त मजा येईल. मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स ज्यांनी लहानपणी ही-मॅन बघितलाय त्यांच्यासाठी, बाकीच्यांना तो सोनेरी केसांचा तलवारवाला कोण हेच समजावण्यात वेळ जायचा.

राहिला मँडलोरियन. २०१९ च्या डिसेंबरनंतर थिएटरात आलेला हा पहिला स्टार वॉर्स पिक्चर, म्हणजे खरं तर केवढा गाजावाजा व्हायला पाहिजे होता. पण ही गोष्ट आपण तीन सीझन घरी बसूनच बघितलीय, ह्याच दिग्दर्शकानं, जॉन फाव्हरोनंच बनवलेली, पेड्रो पास्कल हेल्मेटमध्ये आणि ग्रोगू हे हिरवं पिल्लू कान हलवतंय. सिरीयलचे तीन एपिसोड जोडल्यासारखं होणार नाही ह्याची खात्री अजून तरी मला वाटत नाही. सिरीयल बघितली नसेल तर त्या तिकिटाचे पैसे सरळ ओडिसीच्या मोठ्या पडद्याकडे वळवा. आणि बघितली असेल तर मी कितीही सांगितलं तरी त्या ग्रोगूसाठी तुम्ही जाणारच आहात.