ड्रम ड्रायरवर चोथा वाळवताना: आठ महिन्यांचा अनुभव

बिअरच्या कारखान्यातून येणारा जवाचा ओला चोथा आणि हंगामात रस काढून उरलेल्या संत्र्याच्या साली, हे दोन्ही मी आठ महिने फिरत्या ड्रम ड्रायरवर वाळवून गाईंच्या खुराकात घालतोय. यंत्र दणकट आहे, कुरकुर नाही. पण त्याच्याआधी स्क्रू प्रेस, म्हणजे माल दाबून पाणी पिळून काढणारं यंत्र, घ्यायला हवा होता, हे दोन महिने इंधन जाळल्यावर कळलं.

ढोबळ हिशेब बघा. १०० किलो चोथ्यात ८० किलो पाणी. १० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवला की हाती २२ किलो माल येतो. ७८ किलो पाण्याची वाफ करावी लागते. तोच चोथा आधी पिळून ७० टक्के ओलाव्यावर आणला तर ३३ किलो पाणी नुसत्या दाबाने जातं, ड्रायरच्या वाट्याला ४५ किलोच उरतं. सालींना मात्र पिळण्याआधी थोडा चुना लावावाच लागतो. नाहीतर सालीतलं पेक्टिन, म्हणजे चिकट द्रव्य, पाणी सोडत नाही आणि प्रेसमधून बुळबुळीत लगदा बाहेर पडतो. पिळलेल्या पाण्यातून थोडी साखर जाते, तेवढं नुकसान धरून चाला.

तिसऱ्या महिन्यात बारा पोती फेकली. लवकर उरकावं म्हणून आच वाढवली होती. वरून कुरकुरीत, आत ओल. त्यात गरम माल तसाच पोत्यात भरला. आठवड्यात बुरशी. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष गाईच्या पोटातून दुधात उतरतं आणि दूध उकळूनही जात नाही, म्हणून वरची बुरशी झटकून उरलेलं घालायचा मोह मी टाळला. आता माल पसरून पूर्ण गार केल्याशिवाय पोतं शिवत नाही.

जास्त आचेचा दुसरा तोटा पटकन दिसत नाही. तपकिरी, भाजल्यासारख्या गोड वासाचा चोथा गाई आवडीने खातात, तपासणीत प्रथिनांचा आकडाही तोच येतो. पण करपलेलं प्रथिन नीट पचत नाही.

माझ्या यंत्रात ज्वाळेची गरम हवा थेट मालावरून जाते. आयर्लंडमध्ये २००८ साली अशाच ड्रायरमध्ये दूषित तेल जाळून ब्रेडचा टाकाऊ माल वाळवला गेला, डायॉक्सिन हे विषारी रसायन पशुखाद्यात गेलं आणि देशभरातलं डुकराचं मांस बाजारातून परत मागवावं लागलं. त्यामुळे वापरलेलं तेल मी बर्नरला लावत नाही. पुढचा ड्रायर घेईन तो मालाला धूर न लागणाराच.