व्हॅनचे घर करून देणारे गॅरेज : वर्षभर राहून आलेला अनुभव

हिंगणघाट तालुक्यातील एका गॅरेजने आमच्या जुन्या मालवाहू व्हॅनचे राहते घर करून दिले असून, मी व पत्नी आता बाराही महिने त्यातच राहतो. वर्धा-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. म्हणून मिस्त्रींनी पत्रा आणि प्लायवूड यांच्यामध्ये नायट्रील रबराची शीट, अगदी दाराच्या पोकळीतसुद्धा, हाताने दाबून दाबून चिकटवली आणि टपावर गरम हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला. हे काम खरोखरच मनापासून केलेले आहे. तरीही दुपारी कडुनिंबाची सावली शोधावीच लागते, आणि सावलीत सोलर पॅनलची वीज घटते, ही ओढाताण कोणतेही गॅरेज मिटवू शकत नाही. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत सुमारे १.२८ युनिट वीज मावते. पंखा, दिवे व मोबाइल यांना ती रात्रभर पुरते, एसीला नाही.

पहिल्याच मोठ्या पावसात पंख्याच्या चौकटीतून बिछान्यावर पाणी ठिबकले. सीलंट विनाशुल्क नव्याने भरून मिळाले, मात्र त्यासाठी पाठपुरावा करावा लागला. त्याहून खटकले ते हे, की गाडीच्या रचनेत असा बदल करताना मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरटीओची मंजुरी लागते, हे त्यांनी आपणहून सांगितलेच नाही. सुतारकामासाठी मी हे गॅरेज निःसंकोच सुचवीन. कागदपत्रे मात्र काम सुरू होण्याआधी स्वतः पूर्ण करावीत.