टाइपस्क्रिप्टचा कन्स्ट्रक्टर: फील्ड कंसातच की वर वेगळं?

टाइपस्क्रिप्ट म्हणजे टाइप जोडलेलं जावास्क्रिप्ट. त्यात क्लासचा ऑब्जेक्ट बनताना कन्स्ट्रक्टर चालतो. त्याच्या कंसात पॅरामीटरच्या आधी 'प्रायव्हेट रीडओन्ली' लावलं की फील्ड (ऑब्जेक्टमध्ये किंमत साठवायची जागा) तयारही होतं आणि भरलंही जातं. ही पॅरामीटर प्रॉपर्टी. नाहीतर फील्ड वर जाहीर करायचं आणि आत 'धिस.एपीआय = एपीआय' असं हाताने भरायचं.

पहिल्या पद्धतीची सोय खरीच मोठी आहे. हाताने लिहिताना तेच नाव चार वेळा येतं: जाहीर करताना, कंसात आणि बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना. सहा डिपेंडन्सी (क्लासला बाहेरून लागणाऱ्या गोष्टी) असल्या तर २४ वेळा. शिवाय दोन स्ट्रिंग फील्डांची अदलाबदल झाली तर कंपायलर (टाइप तपासून कोडचं जावास्क्रिप्ट करणारं साधन) काही बोलत नाही, कारण टाइप जुळतात. कंसातल्या पद्धतीत ही चूक होऊच शकत नाही.

तरीही माझा कल दुसऱ्या पद्धतीकडे झुकला तो क्रमामुळे. समजा कंसात 'प्रायव्हेट एपीआय' आहे आणि वर एका फील्डला सुरुवातीची किंमत दिली आहे: 'पान = धिस.एपीआय.पहिलंपान()'. टार्गेट (जावास्क्रिप्टच्या कोणत्या आवृत्तीत रूपांतर करायचं ते) ईएस २०२१ किंवा त्याआधीचं असेल, तर टाइपस्क्रिप्ट आधी एपीआय भरतं, मग पान, सगळं सुरळीत. टार्गेट ईएस २०२२ केलं की 'यूज डिफाइन फॉर क्लास फील्ड्स' हा पर्याय आपोआप चालू होतो, फील्ड जावास्क्रिप्टच्या नियमाने कन्स्ट्रक्टरच्या बॉडीआधी भरली जातात आणि त्या क्षणी एपीआय अनडिफाइंड असतं. कोडची एक ओळही न बदलता क्लास मोडतो. कंपायलर २७२९ क्रमांकाची एरर देतो, पण बिल्डचं साधन टाइप न तपासता नुसतं रूपांतर करत असेल तर चूक थेट चालत्या पानावर फुटते. फील्डमध्ये अॅरो फंक्शन असेल तर धोका नाही, ते नंतर चालतं. अँग्युलर या वेब फ्रेमवर्कच्या १५ व्या आवृत्तीने टार्गेट ईएस २०२२ वर नेताना हा पर्याय बंद ठेवला, म्हणजे अडचण किती पसरलेली होती ते कळतं.

हाताने भरण्याच्या पद्धतीतही फील्डच्या ओळीवर तसंच लिहिलं तर बिघडेल, हे मान्य. पण तिथे ते कुठल्याही टार्गेटवर बिघडतं, म्हणून पहिल्याच रनला कळतं. आणि 'पान' कन्स्ट्रक्टरमध्ये एपीआयच्या खालच्या ओळीवर नेलं की क्रम डोळ्यांना दिसतो, टार्गेटप्रमाणे बदलत नाही. फील्ड भरायचं राहिलं तर स्ट्रिक्ट मोड २५६४ ची एरर देतो. नावाआधी हॅश (#) असलेलं खरं प्रायव्हेट फील्डही याच पद्धतीत जमतं, कंसात नाही.

आता आणखी एक गोष्ट पारड्यात पडली आहे. ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या २३.६ आवृत्तीपासून टाइपस्क्रिप्टची फाइल टाइप पुसून थेट चालते. पॅरामीटर प्रॉपर्टी नुसती पुसता येत नाही, तिच्यासाठी नवा कोड तयार करावा लागतो, म्हणून नोड ती फाइल नाकारतो.

जुना प्रकल्प कंसातल्या पद्धतीवर नीट चालत असेल आणि टार्गेट हलणार नसेल, तर केवळ यासाठी तो उकरायची गरज मला वाटत नाही. नव्या कोडमध्ये मात्र टाइपस्क्रिप्ट ५.८ चा 'इरेझेबल सिंटॅक्स ओन्ली' पर्याय पहिल्या दिवशीच चालू करावा. कंसात शिरलेलं प्रत्येक 'प्रायव्हेट' तो तिथल्या तिथे दाखवतो. बदलताना 'रीडओन्ली' तसंच ठेवा, कन्स्ट्रक्टरमध्ये ते भरायला परवानगी असते. वारसा घेतलेला क्लास असेल तर 'सुपर'च्या लगेच खाली आधी डिपेंडन्सी भरा, बाकीचं त्यानंतर.