उंदीर की बशीतले न्यूरॉन?

पार्किन्सनमध्ये डोपामाइन हे संदेशवाहक रसायन बनवणारे न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या चेतापेशी, का मरतात हे शोधायचं तर एमपीटीपी हे विष दिलेला उंदीर घ्यावा, की रुग्णाच्या त्वचेपासून बशीत वाढवलेले न्यूरॉन?

एमपीटीपीची कथा 1982 ची. कॅलिफोर्नियात एमपीटीपीची भेसळ असलेलं 'हेरॉइन' टोचून घेतलेली तरुण माणसं अक्षरशः गोठल्यासारखी झाली. मेंदूत या रसायनाचं एमपीपी प्लस होतं, ते डोपामाइनच्याच वाहकातून न्यूरॉनमध्ये शिरतं आणि मायटोकॉन्ड्रियातलं, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरातलं, कॉम्प्लेक्स 1 हे एन्झाइम बंद पाडतं. घरच्याच किल्लीने शिरलेला चोर म्हणा. उंदरात निकाल काही दिवसांत मिळतो, भोवतालच्या पेशींचा दाहही दिसतो. पण लेवी बॉडी, म्हणजे रुग्णांच्या न्यूरॉनमध्ये साचणारे प्रथिनाचे गोळे, सहसा सापडत नाहीत. शिवाय जीन्सची जी उलथापालथ मोजाल, त्यात विषबाधेचा वाटा किती आणि आजाराचा किती?

म्हणून जीन नियमनासाठी, म्हणजे कुठला जीन किती चालतो हे पाहण्यासाठी, माझा कौल बशीला. 2003 मध्ये पार्किन्सन असलेल्या एका अमेरिकन कुटुंबात एसएनसीए जीनच्या दोनऐवजी चार प्रती सापडल्या. त्यातून बनणारं अल्फा-सिन्यूक्लिन हे प्रथिन सदोष नव्हतं, फक्त साधारण दुप्पट होतं! निव्वळ प्रमाण वाढल्याने आजार. अशा रुग्णाच्या पेशी घ्याव्यात, क्रिस्पर या जीन कापणाऱ्या तंत्राने जादा प्रती निकामी कराव्यात आणि दोन्ही शेजारी ठेवाव्यात. फरक उरतो तो त्या जीनचाच.

खोट एकच, पण मोठी: न्यूरॉन बनवण्याआधी त्वचेच्या पेशीची मूळपेशी करावी लागते, आणि ते होताना तिचं वय पुसलं जातं. साठीतल्या आजाराचा अभ्यास मग अर्भकासारख्या न्यूरॉनवर करावा लागतो.