मांजराचा फ्लॅप कुठे बसवायचा: मेन डोअर, मागचं दार की बाल्कनीची स्लायडिंग

ऑफिसातली एक मैत्रीण खारघरला रो-हाउस घेतेय, तिच्याकडे दोन मांजरं आहेत आणि ती सारखी विचारतेय की दाराला फ्लॅप (मांजराला ढकलून ये-जा करता येईल अशी झुलती पाकळी असलेलं छोटं दार) बसवून घेऊ का, आणि घेऊ तर कुठल्या दाराला. आमचं घर नेरुळला, सिडकोचं जुनं रो-हाउस, मागे धुण्याची मोरी आणि हातभर अंगण. माझी धाकटी बहीण ठाण्यात, घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर. दोघींकडे मांजरं आहेत, दोघींनी फ्लॅप बसवलाय, आणि दोघींचे अनुभव इतके वेगळे आहेत की ते शेजारी ठेवून बघितले तरच कोणाला काय करायचं ते कळेल.

पहिला प्रश्न फ्लॅप कुठल्या कंपनीचा हा नसतो, त्या भोकातून मांजर बाहेर पडलं की कुठे पोचतं हा असतो. माझी खारी (बिस्किटासारखा रंग म्हणून खारी) बाहेर पडली की मोरीत, तिथून अंगणात, तिथून कंपाउंडच्या भिंतीवर. बहिणीचा काजू मेन डोअरमधून बाहेर पडला तर लिफ्टच्या लॉबीत. लॉबीत मांजराला करण्यासारखं काहीच नाही, जिन्याचं दार उघडं राहिलं तर खाली पार्किंग, आणि पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटखाली शिरलं की संपलंच. म्हणून टॉवरमध्ये मेन डोअर कापायचा विचारही करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात नवीन टॉवरमध्ये काही ठिकाणी मेन डोअर फायर डोअर असतं, दाराच्या बिजागरीकडच्या कडेवर तसा छोटा बिल्ला असतो तो बघा. अशा दाराला भोक पाडलं की आग आणि धूर अडवायचं त्याचं कामच गेलं. आणि सोसायटीत सगळ्यांची दारं एकसारखी ठेवायची अट असेल तर सेक्रेटरीकडे चकरा मारणं आलंच.

मग सेफ्टी डोअर? हे बऱ्याच जणांना सुचतं, कारण आपल्याकडे लाकडी दार दिवसभर उघडं आणि जाळीचं बंद अशीच पद्धत. पण सेफ्टी डोअर लोखंडी असेल तर चिपवाला फ्लॅप (मांजराच्या कातडीखालची चिप ओळखून उघडणारा) त्यात सरळ बसवता येत नाही. चिप वाचणारी कॉइल फ्लॅपच्या बोगद्यात असते आणि आजूबाजूला धातू आला की तिची पोच कमी होते. सेफ्टी डोअर लाकडी चौकट आणि जाळीचं असेल तर खालच्या लाकडी फळीत जमतं. बाकी बाहेर लॉबीच असेल तर वर लिहिलं तेच लागू.

आता मागचं दार, जे मी केलं. आमचं मागचं दार जाड लाकडी फळ्यांचं, आणि पावसाचं पाणी उडून दार कुजू नये म्हणून खाली दीड फूट ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकलेला, जसा कितीतरी जुन्या घरांत असतो. सुतारमामांनी फ्लॅपसोबत आलेला कागदी साचा दाराला चिकटवला, लेव्हल लावून बघितली, चार कोपऱ्यांत ड्रिलने भोकं पाडली आणि जिगसॉने एकेक बाजू कापत आणली. माप घेताना मांजराला उभं करायचं आणि पोटाची उंची बघायची, फ्लॅपची खालची कडा जमिनीपासून साधारण १३ ते १५ सेंटिमीटर येते. आत आणि बाहेर जमीन एका लेव्हलला नसेल, आमची मोरी घरापेक्षा एक पायरी खाली आहे, तर बाहेरून मांजराला किती चढावं लागणार तेही बघा. आम्ही बाहेर एक विटांचा ठोकळा ठेवलाय, म्हातारपणी तिला उडी मारायला लागू नये म्हणून.

कापलेल्या कडांना प्रायमर मारून मगच फ्लॅप बसवा, हे मी हात जोडून सांगते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर दारं फुगतात, उघड्या लाकडात पाणी मुरलं की कड फुगून फ्लॅपची फ्रेम दाबते आणि पाकळी अडकायला लागते. बाहेरच्या बाजूने सिलिकॉन भरायचं, पण फ्रेमच्या तळाला थोडी फट सोडायची, आत शिरलेलं पाणी निघायला वाट हवी. दार फ्लश डोअर असेल तर आधी ठोकून बघा, आत पोकळ असेल तर कापल्यावर पोकळीत चारही बाजूंनी लाकडी पट्टी बसवून घ्यावी लागते, नाहीतर स्क्रू आवळले की प्लाय आत चेपतो. आणि सनमाइका असेल तर कापायच्या रेघेवर मास्किंग टेप लावा, कड कमी उडते. दार पश्चिमेला आणि वर छज्जा नसेल तर पावसाची सर आतपर्यंत येते, तिथे फ्लॅप नको.

पत्र्याने आम्हाला दमवलं. फ्लॅप बसला, छान दिसला, खारीची चिप मात्र चारातल्या एका वेळेस वाचली जायची. ती डोकं घालून थांबायची, कुलपाचा टिक आवाज यायचा नाही, मग वळून स्वयंपाकघराच्या खिडकीखाली येऊन ओरडायची. शेवटी मामांनी भोकाभोवतीचा पत्रा चारही बाजूंनी वीतभर कापून काढला, उघड्या लाकडाला ऑइल पेंट मारला, आणि त्या दिवसापासून प्रत्येक वेळेस टिक. तुमच्या दारालाही पत्रा असेल तर हे आधीच करून घ्या.

चोरांचं काय, हे सगळे विचारतात. एवढ्याशा भोकातून माणूस येत नाही, शुअरफ्लॅप कंपनीच्या साध्या चिपवाल्या फ्लॅपची पाकळी १४२ मिलिमीटर रुंद आणि १२० मिलिमीटर उंच आहे, पण हात येतो. तुम्ही बाहेर जमिनीवर बसा, भोकातून खांद्यापर्यंत हात घाला आणि आत कुठपर्यंत पोचतो ते खरोखर करून बघा. दाराची खालची चिटकणी हमखास हाताला लागते. मधली कडी किंवा अल्ड्रॉप लांब असतो, पण काठीने ढकलता येईल असा नको. आम्ही खालची चिटकणी काढूनच टाकली आणि मध्ये चावीचं लॉक घातलं, चावी लॉकला लटकवून ठेवत नाही.

आता फ्लॅप कुठला, कारण इथेच माझे पैसे दोनदा गेले. पहिला घेतला तो साधा, चार प्रकारे लॉक होणारा: फक्त आत, फक्त बाहेर, दोन्हीकडे, किंवा पूर्ण बंद. साधा फ्लॅप दोन-तीन हजारांच्या आसपास मिळतो, बॅटरी नाही, बिघडण्यासारखं काही नाही. पण तो कोणालाही आत घेतो. आमच्या गल्लीत एक मोठा पांढरा बोका होता, नाकावर जुनी जखम, डोकं केवढंतरी. एका रात्री तीन वाजता ओट्याखालून गुरगुर ऐकू आली, लाइट लावला तर खारी फ्रिजवर, शेपटी फुलून बाटली धुवायच्या ब्रशसारखी, आणि बोका तिच्या वाटीतलं खाऊन वर तांदळाच्या डब्यावर फवारा मारून उभा. तो वास आठ दिवस गेला नाही. त्याहून वाईट म्हणजे खारीने त्यानंतर स्वयंपाकघरात जेवणंच सोडलं, मला तिची वाटी बेडरूममध्ये न्यावी लागली. मांजराला घर सुरक्षित वाटेनासं झालं तर फ्लॅपचा उपयोग काय?

लोहचुंबकाचा फ्लॅप पण बघितला होता, गळ्यातल्या पट्ट्याला चुंबक लावायचं. पण चुंबकवाल्या कुठल्याही मांजराला तो उघडतो, आणि मांजरं पट्टे हरवतात. उलट ओढ बसली की आपोआप सुटणारा पट्टाच घालावा, नाहीतर फांदीत अडकून फास बसतो, म्हणजे पट्टा सुटणारच, आणि मांजर बाहेर अडकणारच.

चिपवाला महाग आहे, दहा हजारांच्या पुढे, पण मोकळं बाहेर जाणाऱ्या मांजरासाठी मी दुसरं काही सुचवणार नाही. चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, डॉक्टर मानेमागे कातडीखाली टोचतात, आणि १५ आकडी नंबर आयुष्यभर राहतो. फ्लॅपचं बटण दाबायचं, मांजराला एकदा आत येऊ द्यायचं, नंबर लक्षात राहतो, शुअरफ्लॅपमध्ये अशी ३२ मांजरं बसतात. चार पेन्सिल सेलवर चालतो. एक नीट समजून घ्या, साध्या चिपवाल्यात आत येताना तपासणी होते, बाहेर कोणीही जाऊ शकतं. एकाला सोडायचं आणि एकाला घरात ठेवायचं असेल तर दोन्ही बाजूंनी वाचणारा वेगळा मॉडेल घ्यावा लागतो. मैत्रिणीचं एक मांजर बहिरं आहे, तिला म्हणूनच मी तो घे म्हटलं.

बहिणीचं प्रकरण पूर्ण वेगळं. तिला काजूला बाहेर सोडायचंच नव्हतं, फक्त हॉल आणि बाल्कनी अशी ये-जा हवी होती, कारण त्याची लिटर ट्रे बाल्कनीत आणि एसी लावला की स्लायडिंग बंद. त्यामुळे तिला चिप नको, साधा फ्लॅप पुरला, बोका काही अकराव्या मजल्यावर येत नाही. तिने काचवाल्याला बोलावून भोक पाडायला सांगितलं तर त्याने हात वर केले, कारण काच टफन्ड होती. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, फुटून तिचे दाणे होतात. भोकासकट नवीन काच ऑर्डर करायची, म्हणजे आधी भोक आणि मग टफनिंग. भाड्याचं घर, त्यामुळे तिने दुसरा मार्ग धरला: स्लायडिंगच्या एका शटरची (सरकत्या पल्ल्याची) काच काढून पलंगाखाली चादरीत गुंडाळून ठेवली आणि तिथे जाड ॲक्रिलिक बसवून त्यात फ्लॅप घातला. घर सोडताना काच परत लावायची, डिपॉझिट शाबूत.

पण तिची पण एक चूक झालीच. फ्लॅपची फ्रेम दोन्ही बाजूंना बोटभर पुढे येते, त्यामुळे ते शटर दुसऱ्या शटरमागे सरकतच नाही, मध्येच आदळतं. पहिल्यांदा तिने नेमकं रोज उघडायचं शटर निवडलं, मग सगळं काढून दुसऱ्या टोकाच्या, कायम बंद राहणाऱ्या शटरमध्ये परत करावं लागलं. तीन ट्रॅकची स्लायडिंग असेल तर मच्छरजाळीचं शटरही आडवं येतं का ते आधी सरकवून बघा. आता मात्र झकास चाललंय, एसी लावून झोपतात आणि काजू रात्री दोनला टपकन पाकळी ढकलून जाऊन येतो.

बाल्कनीचा मार्ग घेताय तर खरा खर्च फ्लॅपचा नाही, बाल्कनी बंद करण्याचा आहे, आणि तो आधी करा. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी उन्हाने कमजोर होते, मांजर नखांनी आणि दातांनी ती फाडू शकतं. इनव्हिजिबल ग्रिलच्या तारांमध्ये दोन-तीन इंचांची फट असते, पिल्लाचं डोकं त्यातून जातं आणि डोकं गेलं की अंग जातंच. स्टीलची जाळी चांगली. मांजर पडलं तरी पायावर पडतं असं म्हणणाऱ्यांना मी न्यूयॉर्कचा अभ्यास सांगते: १९८७ साली तिथल्या डॉक्टरांनी उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांची माहिती छापली, उपचार मिळालेल्यांपैकी ९० टक्के वाचली. हा आकडा सगळे ऐकवतात, पण जी जागीच गेली त्यांना कोणी दवाखान्यात आणलंच नव्हतं, ती त्यात नाहीत. आणि वाचलेल्यांची छाती, जबडा, पाय यांचे हाल वेगळेच.

भिंतीतून फ्लॅप हा तिसरा पर्याय, रो-हाउसच्या नऊ इंची विटांच्या भिंतीत बोगद्याचे जोड लावून होतो. पण पावसाळ्यात ओल धरायला आणखी एक जागा तयार होते. मायव्हन शटरिंगच्या (ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून बांधलेल्या) टॉवरमध्ये भिंत म्हणजे आरसीसीच असते, तिला हात लावायचा नाही.

मोकळं सोडायचं ठरलं तर नसबंदी आधी, फ्लॅप नंतर. मांजरी चार-सहा महिन्यांतच माजावर येते. रेबीजची आणि तीन रोगांची लस पूर्ण झालेली हवी, पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा व्हायरस घराबाहेरच्या जमिनीत महिनोन्महिने टिकतो. अंधार पडला की मी फ्लॅप बंद करते, रात्री कुत्र्यांच्या टोळ्या असतात. ठाण्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी तर संध्याकाळीच बंद करावा, जंगलात बिबटे आहेत. आणि तयारी ठेवा, फ्लॅप झाला की शिकार घरात येते. खारीने एकदा अर्धवट जिवंत घुशीचं पिल्लू आणून सोफ्याखाली सोडलं होतं. पण दार चपलेने अडवून उघडं ठेवायचो तेव्हा उंदीर, डास, झुरळं आपणहून यायची, त्यापेक्षा हे बरंच कमी आहे.

शिकवायला आठवडा धरा. पहिले दोन-तीन दिवस पाकळी चिमट्याने वर अडकवून ठेवायची आणि पलीकडे तिच्या आवडीचं ठेवायचं, आमच्याकडे सुकट चालली. मग पाकळी अर्धी खाली, मग पूर्ण. ढकलून घालायचं नाही, एकदा घाबरलं की महिनाभर जवळ येत नाही. चिपवाल्याच्या टिक आवाजाला खारी दचकायची, म्हणून पहिल्या दिवसांत मी चिपचं लॉक वापरलंच नाही.

मैत्रिणीला सांगितलंय की मेन डोअरला हात लावू नकोस, मागच्या दाराचा फोटो पाठव. खाली पत्रा आहे का आणि चिटकणी किती खाली आहे एवढं कळलं की मामांना फोन करते.